शांतपणे बोर्ड धरून उभी राहिली म्हणून आईला पोलिसांची नोटीस, आता परत जायचं की नाही?

घोडबंदरची_पोर

नमस्कार, ठाण्यातल्या लोकांनी जरा वाचा प्लीज, लांब झालंय. आमच्याकडे पाण्याची बोंब आहे हे घोडबंदर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको, उन्हाळा सुरू झाला की टँकर आणि मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा वेगळा कॉलम. पत्रं देऊन झाली, मेल करून झाले, साहेब मीटिंगमध्ये आहेत हे ऐकून झालं. शेवटी आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी ठरवलं की त्या ऑफिसच्या गेटबाहेर फुटपाथवर जाऊन नुसतं उभं राहायचं. मोर्चा नाही, माइक नाही, पक्षाचा झेंडा तर मुळीच नाही. आईने फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर टँकरच्या पावत्या फेविकॉलने चिकटवल्या, गुलाबी पिवळ्या ओळीने, आणि वर मार्करने लिहिलं "एवढं पाणी विकत घेतलं, आता तुम्ही बोला". तासभर उभ्या होत्या सगळ्या. थर्मासमधला चहा बंदोबस्ताला आलेल्या लेडी कॉन्स्टेबलने पण घेतला, आईशी गप्पा मारल्या, त्यांच्या क्वार्टरमध्ये पण पाणी येत नाही म्हणे.

नंतर आठवड्याने एक हवालदार घरी येऊन नोटीस देऊन गेले. कलम १६८ लिहिलंय, मनाई आदेश ३७(१)(३) लागू असताना जमाव जमवला वगैरे, आणि शेवटी ते वाक्य की यापुढे काही अनुचित घडल्यास सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. ते वाचून बाबांचं बीपीच वाढलं. वर फोन पण आला की ताई एकदा पोलीस ठाण्यात येऊन लिहून द्या परत असं करणार नाही म्हणून, मग विषय संपला.

घरात आता दोन पार्ट्या आहेत. बाबा म्हणतात लिहून दे आणि मोकळी हो, धाकट्या भावाचं जर्मनीचं ॲडमिशन आहे, पासपोर्टमध्ये लफडं नको. आई म्हणते मी चोरी केली का? आणि ग्रुपच्या ॲडमिन काकांनी घाबरून ग्रुप "ओन्ली ॲडमिन" करून टाकलाय, व्हिडिओ डिलीट करायला लावले सगळ्यांना. शनिवारी परत उभं राहायचं ठरलं होतं, आता निम्म्या बायकांचं "बघू" चाललंय.

खरंच शिक्षा होऊ शकते का यात? लिहून दिलं तर काय होतं? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

ॲड_तलावपाळी

ताई, आधी आईंना सांगा की ही नोटीस म्हणजे गुन्हा नाही. जुनी १४९ ची नोटीस, जी निवडणुकीच्या आणि गणपतीच्या आधी अर्ध्या ठाण्यातल्या कार्यकर्त्यांना जाते, तीच १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १६८ झाली. पोलिसांनी दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून उपाय करायचे एवढंच ते कलम सांगतं. त्यात शिक्षा नाही, दंड नाही, आणि "लिहून द्या" असंही कुठे नाही. पुराव्याचं ते वाक्य सगळ्या नोटिसांवर छापलेलंच असतं, फॉरमॅट आहे तो.

मनाई आदेशाचं बघा. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ३७. पोट-कलम ३ खाली जमावबंदी लावता येते पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर चालत नाही. म्हणून काय होतं, पंधरा दिवस संपले की नवा आदेश, परत पंधरा दिवस, परत नवा, कारण ठरलेलं, सण, परीक्षा, राजकीय आंदोलनं. म्हणजे कागदावर बघितलं तर वर्षातला बराच काळ पाच माणसं एकत्र उभी राहिली की आदेश मोडला. नाक्यावर रोज संध्याकाळी वीस जण वडापाव खातात त्यांना कोणी नोटीस देत नाही, पुठ्ठा हातात आला की देतात. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या केसमध्ये (अनुराधा भसीन) जमावबंदीच्या जुन्या कलम १४४ बद्दल स्पष्ट म्हटलंय की लोकांचं म्हणणं, तक्रार दाबायला हे कलम वापरता येणार नाही आणि तेच तेच आदेश परत परत काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. आता ३७ हा वेगळा कायदा आहे, समोरचा वकील तसं म्हणेलच, पण मुद्दा तोच लागू होतो असं माझं मत.

आदेश मोडल्याचा गुन्हा लावायचाच झाला तर जुनं १८८, आताचं बीएनएस (भारतीय न्याय संहिता) २२३. जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद किंवा अडीच हजारपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जिवाला वगैरे धोका झाला असेल तर वर्ष. पण यात मेख अशी की ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः कोर्टात लेखी तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. हे पाळलं नाही म्हणून कितीतरी केसेस उडतात.

आता मेन गोष्ट. लिहून देऊ नका. बाँड घ्यायची रीतसर पद्धत आहे, आपण त्याला चॅप्टर केस म्हणतो, आधीचं १०७, आताचं १२६. त्यात कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, आपल्याकडे एसीपी साहेबांनी, आधी लेखी आदेश द्यायचा असतो की तुमच्याबद्दल ही ही माहिती आली आहे, तुमच्याकडून बाँड का घेऊ नये. मग तुम्ही उत्तर देता, वकील देता. फोनवर "ताई या आणि लिहून द्या" हे यातलं काहीच नाही. त्याऐवजी नोटिशीला एक पानी उत्तर द्या की आम्ही फुटपाथवर, रस्ता न अडवता, शांतपणे, विनाशस्त्र उभ्या होतो, घटनेच्या अनुच्छेद १९ प्रमाणे तो आमचा हक्क आहे, आणि ज्या मनाई आदेशाचा उल्लेख केलाय त्याची प्रत मिळावी. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का मारून पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर एडीने पाठवा.

सरळ_बोलतो

सगळे हक्कच सांगतात. घोडबंदरला आधीच ट्रॅफिकची काय अवस्था आहे, गायमुखपासून माजिवड्यापर्यंत माणूस म्हातारा होतो, त्यात कोणीही उठून कुठेही उभं राहणार आणि पोलिसांनी नोटीस दिली की हुकूमशाही आली म्हणून बोंबलणार. परमिशन का नाही घेतली? शाहीनबागच्या केसमध्ये पण सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सार्वजनिक जागा अडवून बसता येणार नाही. मुंबईत आंदोलन करायचं तर आझाद मैदानात जा, तसं ठाण्यात पण एक जागा ठरवा आणि तिकडे काय बोर्ड धरायचे ते धरा. आणि पाण्याचा प्रश्न उभं राहून सुटतो का, हे मला कोणी सांगा.

ॲड_तलावपाळी

शाहीनबागचा निकाल ऑक्टोबर २०२० चा, पूर्ण वाचा दादा, रस्ता बेमुदत अडवण्याबद्दल आहे तो. त्यातच कोर्टाने शांततेने निषेध करायचा हक्क मान्य केलाय. तासभर फुटपाथवर बाजूला उभ्या असलेल्या बायका कुठे आणि महिनोन् महिने बंद रस्ता कुठे. आणि परमिशनचं म्हणाल तर १९७२ मध्ये हिम्मतलाल शाहच्या केसमध्ये पाच न्यायाधीशांनी सांगून ठेवलंय की सार्वजनिक रस्त्यावर सभा घ्यायला नियम घालता येतील पण सरसकट नाही म्हणायचा मोकाट अधिकार पोलिसांना देता येणार नाही. तरी ताई, पुढच्या वेळी परमिशन नाही तर नाही, निदान आगाऊ सूचनापत्र देऊन पोच घ्या. मी प्रत्येकाला हेच सांगतो. नाकारली तर लेखी कारण मागता येतं आणि कारण लेखी आलं की त्याला हायकोर्टात आव्हान देता येतं.

बीडचं माजलगावचं प्रकरण आठवतं का कोणाला, फेब्रुवारी २०२०. सीएएच्या (नागरिकत्व सुधारणा कायदा) विरोधात ईदगाह मैदानात बसायला परवानगी नाकारली, मनाई आदेशाचं कारण दाखवून. औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि म्हटलं की एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून त्या लोकांना देशद्रोही, गद्दार म्हणता येणार नाही. कायदा चूक की बरोबर हा विषय तिथे नव्हताच.

रिटायर्ड_फौजदार

मी पण बोलतो, शिव्या घाला पाहिजे तर. ३० च्या वर वर्षं खात्यात काढली, बंदोबस्तातच आयुष्य गेलं. ही नोटीस कशी निघते सांगतो. गोपनीय शाखेचा माणूस फोटो काढतो, वर रिपोर्ट जातो, वरून विचारणा होते "काय कारवाई केली?" आणि पीआयला काहीतरी कागद दाखवावा लागतो. १४९ दिली की कारवाई झाली. उद्या काही बरंवाईट झालं तर आम्ही आधीच समज दिली होती असं म्हणायला होतं. द्वेषाने कोणी करत नाही, निदान बहुतेक वेळा. पण एक खरं की हा कागद ज्याच्या घरी जातो त्याचं घर हादरतं आणि पुढच्या वेळी वीसच्या जागी आठ येतात, हे आम्हाला माहीत असतं. त्यासाठी कोर्टात जावंच लागत नाही.

"लिहून द्या" म्हणणारा पण बिचारा फाइल बंद करायला बघत असेल. पण वकीलसाहेब बरोबर सांगतायत, देऊ नका. लिहून दिलेला कागद फाइलला राहतो, आणि दुसऱ्यांदा उभ्या राहिलात की "कबुली देऊन परत केलं" असं चॅप्टरच्या प्रस्तावात पहिल्या पानावर येतं. मी स्वतः असे प्रस्ताव टाइप केलेत.

पोलीस ठाण्यात बोलावलंच तर एकट्या जाऊ नका, दोघी तिघी जा, दिवसा जा. बायकांना सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, अपवाद सोडून, आणि त्याला सुद्धा महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. उगाच हुज्जत घालू नका, अंगाला हात लावू नका कोणाच्या, कारण तिथे सरकारी कामात अडथळा (जुनं ३५३) लागलं की खेळ बदलतो, ते दखलपात्र आहे. शनिवारी उभ्या राहिलात तर एक जण फक्त व्हिडिओ काढेल असं ठेवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कट न करता. पोलीस पण काढतात, तुमचा पण असू द्या.

वाशीकर_आयटी

भावाच्या पासपोर्टचं टेन्शन घेऊ नका. एक तर नोटीस आईला आहे, भावाला नाही. दुसरं म्हणजे पासपोर्ट कायद्यात अडचण येते ती फौजदारी कोर्टात केस प्रलंबित असेल तेव्हा. परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्येच स्पष्ट केलंय की नुसता एफआयआर म्हणजे कोर्टात केस प्रलंबित असं होत नाही, आणि केस असली तरी कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट मिळतो. इथे तर एफआयआर पण नाही. फक्त कुठल्या फॉर्ममध्ये विचारलं तर लपवू नका, सरकारी नोकरीत लपवल्यामुळे जास्त लोक अडकतात, मूळ केस फालतू असते.

ॲडमिन काकांना सांगा की २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने म्हटलंय, मेंबरने काही टाकलं म्हणून ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, आधीपासून दोघांचं संगनमत नसेल तर. आणि व्हिडिओ डिलीट कशाला केले? तोच तर तुमचा पुरावा होता की शांततेत झालं!! कोणाच्या तरी गॅलरीत, गूगल फोटोजमध्ये सापडेल, शोधा आधी.

बाकी पोस्टबद्दल घाबरणाऱ्यांसाठी, पालघर आठवा. २०१२ चा नोव्हेंबर, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. एका मुलीने बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. लाइक केलं म्हणून! नंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि तिकडूनच ते आयटी कायद्यातल्या ६६अ चं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २४ मार्च २०१५ ला कलमच रद्द. आणि गंमत म्हणजे रद्द झाल्यावर पण देशभर पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे दाखल करत होते, शेवटी २०२२ मध्ये कोर्टाला परत सांगावं लागलं की अरे बाबांनो बंद करा. मेलेलं कलम सात वर्षं पगारावर होतं.

सरळ_बोलतो

ते सगळं ठीक आहे पण कोर्टात जिंकायला दहा वर्षं लागतात त्याचं काय. कोल्हापूरच्या त्या प्रोफेसरचं बघा, ३७० वर व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं म्हणून गुन्हा, हायकोर्टाने पण रद्द केला नाही, सुप्रीम कोर्टात मार्च २०२४ ला सुटला. तिथपर्यंत माणूस संपतो. त्या काकू तिकडे दिल्लीला जाणार आहेत का? म्हणून म्हणतो प्रॅक्टिकल व्हा.

(स्टेटस मला अजिबात आवडलेलं नव्हतं हे पण सांगून ठेवतो.)

उरणकर_आगरी

सरळभाऊ, तुम्ही म्हणता ते प्रॅक्टिकल आमच्या आजोबांना पण सांगायला आले होते लोक. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा पण "लिहून द्या आणि मोकळे व्हा" हेच होतं. जानेवारी १९८४, जासई, दास्तान फाटा, दुसऱ्या दिवशी पागोटे, पोलिसांचा गोळीबार, पाच माणसं गेली. दरवर्षी १६-१७ जानेवारीला आमच्याकडे हुतात्म्यांना मानवंदना असते, एकदा येऊन बघा, म्हातारी माणसं येतात काठी टेकत. दिबांच्या (आमचे नेते दि. बा. पाटील) मागे उभे राहिलेल्या लोकांवर केसेस होत्या, कोर्टाच्या चकरा होत्या, घरात चूल थंड होती. पण पुढे साडेबारा टक्क्यांचं धोरण (घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत) आलं ते त्या लढ्यातून आलं, कोणी साहेबाने खुश होऊन दिलेलं नाही. आज उलवे द्रोणागिरीला फ्लॅट घेणाऱ्यांना साडेबारा टक्के हा शब्द फक्त ब्रोकरच्या तोंडून माहीत असतो.

जून २०२१ ला नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून सिडको भवनावर गेलो तेव्हा पण तेच, बेलापूरला चारी बाजूंनी बॅरिकेड, नोटिसा आधीच घरोघरी. माझ्या चुलत्याने नोटीस घेतली, सही केली, घडी घालून खिशात ठेवली आणि तीच घेऊन मोर्चाला आला.

आणि एक विचारायचं होतं वकीलसाहेब, ते जनसुरक्षा विधेयक पास झालं ना जुलै २०२५ ला विधिमंडळात, त्यात अशा लोकांना पण ओढतील का? आमच्याकडे खूप जण विचारतात.

ॲड_तलावपाळी

ते संघटना बेकायदा ठरवण्याबद्दल आहे, नक्षलवादाचं कारण देऊन आणलं. मूळ २०२४ च्या मसुद्यात व्याख्या इतकी ढगळ होती की संयुक्त समितीकडे सूचनांचा पाऊस पडला, हजारोंनी आल्या, मग थोडी बदलली. मला अजूनही ढगळच वाटते आणि त्यावर भांडलं पाहिजे, पण फुटपाथवर पुठ्ठा धरणाऱ्या काकूंचा त्याच्याशी संबंध जोडून उगाच भीती वाढवू नका. भीती वाढली की समोरच्याचं काम आपणच करतो.

सरळभाऊंचा दहा वर्षांचा मुद्दा मात्र खोटा नाही. शिक्षा फार कमी जणांना होते, तारखा सगळ्यांना होतात. मुंबईत मेट्रो कारशेडसाठी आरेची झाडं तोडली त्या वेळी, ऑक्टोबर २०१९, २९ जणांना अटक झाली होती, नंतर सरकार बदललं आणि गुन्हे मागे घ्यायची घोषणा झाली. आता घोषणा झाली म्हणजे गुन्हा मागे गेला असं नसतं, सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टाने परवानगी द्यायची असं कलम आहे. आंदोलनाचे गुन्हे मागे घ्यायचे शासन निर्णय मधूनमधून निघतात, जीवितहानी नको आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नको अशा अटी असतात त्यात. ज्यांना हे माहीत नसतं ते समजतात आपली केस संपली, आणि मग पाच वर्षांनी वॉरंट दारात. म्हणून सुरुवातीलाच कागद नीट ठेवा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, फुकट वकील मिळतो. हे कोणी सांगत नाही.

घोडबंदरची_पोर

सगळ्यांना खूप थँक्यू, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. उत्तर लिहिलं, आईने स्वतःच्या अक्षरात, मी फक्त कलमं घातली. तिघी जणी घेऊन गेल्या. ठाणे अंमलदार आधी म्हणाले साहेब नाहीत, उद्या या, मग आई बाकावर बसूनच राहिली पिशवीतली भाजी निवडत, तेव्हा शिक्का मारून दिला. मनाई आदेशाची प्रत दिली नाही, वेबसाइटवर बघा म्हणाले. मी बघितला, त्यात लग्न, अंत्ययात्रा वगैरे वगळलंय. बाबा म्हणाले मग वरात काढा पाण्याच्या टँकरची. पहिल्यांदाच हसले ते या विषयावर.

व्हिडिओ पण सापडला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी डिलीट केलाच नव्हता कारण त्यांना करता येत नाही.

ॲडमिन काकांना नागपूरच्या निकालाची बातमी पाठवली, त्यांनी नुसता अंगठा दाखवलाय, ग्रुप अजून बंदच आहे. बायकांनी वेगळा ग्रुप काढला.

एकच शंका, शनिवारचं सूचनापत्र कोणाच्या नावाने द्यायचं? सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या की आईच्या एकटीच्या नावाने? कारण काही जणींना यायचंय पण सही नको म्हणतात.

ॲड_तलावपाळी

दोन किंवा तीन नावं पुरे, येणाऱ्या सगळ्यांनी सही करायची काही गरज नाही. वेळ लिहा किती ते किती, जागा लिहा, लाउडस्पीकर नाही हे स्पष्ट लिहा, रस्ता अडवणार नाही लिहा. अंदाजे संख्या थोडी जास्तच टाका. पोलीस ठाण्याला एक आणि ज्या ऑफिससमोर उभ्या राहणार त्यांना एक.

रिटायर्ड_फौजदार

आणि शुक्रवारी संध्याकाळी नेऊ नका, गुरुवारी सकाळी हजेरी संपली की द्या, पीआय जागेवर असतो.

सरळ_बोलतो

किती वाजता आहे शनिवारी? आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पण कालपासून पाणी नाही.